निबंधाचे आठ गुण नेमके कशाचे? राज्य मंडळाला मराठीच्या शिक्षकांचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
आणि मराठी विषयाच्या अभ्यास मंडळाचे सर्व सदस्य

विषय : कृतिपत्रिकेतील (म्हणजे मंडळाच्या प्रश्नपत्रिकेतील) निबंध, कथा आणि रसग्रहण यांच्या गुणदानाबाबत

महोदय, महोदया,

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र किंवा सारांश यांना ६, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोन मिळून १०, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एकाला, म्हणजे निबंधाला, ८. पद्य विभागातले रसग्रहणाचे ४ गुण वेगळे. पुढे बारावीला युवकभारतीत पुन्हा १० गुणांचा निबंध असतोच. सबंध पेपरात मूल स्वतःच्या मनातले स्वतःच्या शब्दांत लिहू शकते अशा मोठ्या जागा एवढ्याच. आणि नेमक्या याच जागी स्वतःचे लिहिणारे मूल मागे राहते आणि पाठ करून आलेले पुढे जाते. पाठ करणाऱ्या मुलांना आम्ही दोष देत नाही. कशाला गुण मिळतात ते मुलांना आणि क्लासवाल्यांना बरोबर कळते, आणि ती तेच करतात. बदल व्हायला हवा तो तपासणीत. त्यासाठी काय करता येईल हे तपशिलाने मांडावे म्हणून हे पत्र.

एक विषय घेऊन दाखवतो : ‘एसटी स्टँडवरच्या बाकाचे आत्मकथन’. पुढचे दोन्ही उतारे आम्हीच रचले आहेत, पण ज्यांनी गठ्ठे तपासले आहेत त्यांना दोन्ही तऱ्हा लगेच ओळखू येतील.

पहिला : ‘एके दिवशी मी बसची वाट पाहत स्टँडवर बसलो होतो. इतक्यात कुठून तरी आवाज आला, “घाबरू नकोस मित्रा, मी बाक बोलतोय.” मी आश्चर्याने इकडेतिकडे पाहू लागलो. “माझा जन्म एका कारखान्यात झाला. ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगता मी अहोरात्र लोकांची सेवा करतो. सेवा हाच खरा धर्म! पण आजचा मानव स्वार्थी झाला आहे. लोक माझ्यावर नावे कोरतात, कचरा टाकतात. माझी काळजी घ्या, एवढीच विनंती.” एवढे बोलून आवाज थांबला आणि मी भानावर आलो.’

दुसरा : ‘माझा एका पायाखाली वीट आहे म्हणुन मी हलत नाही. सकाळी साडेसहाच्या गाडीला मासळीवाल्या येतात. त्या पाट्या माझावर ठेवतात आणि स्वता खाली बसतात. पाट्यांचं पाणी माझा फटीतुन गळतं. मग दिवसभर जो येतो तो वास घेऊन उभाच राहतो. मला बसण्यासाठी केलंय पण दुपारपर्यंत माझावर कोणी बसत नाही. पावसाळ्यात मात्र सगळे माझाकडेच धावतात, कारण छप्पर माझा डोक्यावर तेवढं गळत नाही.’

पहिल्या उताऱ्यात लाल शाईला काही काम नाही. सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, सुविचार आहे. अक्षर चांगले असेल तर ८ पैकी ६ सहज पडतात, कधी ७ सुद्धा. दुसऱ्यात लाल वर्तुळे मोजून नऊ होतात. पान लाल झाले की हात आपोआप ४ वर जातो.

आता पहिल्या उताऱ्यातला ‘बाक’ काढून ‘फळा’ घाला. मग ‘पुस्तक’ घाला, ‘छत्री’ घाला. काहीही मोडत नाही. झाड घातले तर ‘कारखान्यात’ऐवजी ‘रोपवाटिकेत’ लिहावे लागेल, एवढेच. ही अदलाबदलीची कसोटी लावायला दहा सेकंद लागतात आणि ती सहसा फसत नाही. ज्या लेखनात विषयाचे नाव बदलले तरी वाक्ये तशीच उभी राहतात, त्या लेखनात विषय आलेलाच नसतो. दुसऱ्या उताऱ्यात फळा घालून पाहा. वीट, पाट्या, फट, गळणारे छप्पर यांतले काहीच फळ्याला चिकटत नाही. शिवाय त्यात एक विचार आहे, तोही न बजावता आलेला : बसण्यासाठी केलेली वस्तू रिकामी राहते आणि ज्यांनी बसायचे त्या खाली बसतात. पंधरा वर्षांच्या मुलाकडून आत्मकथनात याहून जास्त काय हवे?

आमची मागणी अशी की ८ गुणांची फोड ठरलेली असावी : आशय ३, रचना २, भाषा २, लेखननियम १. वरचे दोन्ही निबंध पुढेही याच तोलाचे आहेत असे धरून गुण देऊ. पहिल्याला आशयाचा १, कारण आत्मकथन म्हणजे काय हे कळले आहे, पण पाहिलेले काही नाही. रचनेचा १, कारण जन्म, सेवा, तक्रार, विनंती यांचा क्रम उलटा केला तरी चालतो, एका वाक्यातून दुसरे निघत नाही. भाषेचा १, कारण वाक्ये निर्दोष आहेत पण ‘अहोरात्र’, ‘तमा न बाळगता’ ही तयार पाकिटे आहेत. लेखननियमांचा १. एकूण ४. दुसऱ्याला आशयाचे ३, रचनेचा १ (शेवट न साधता लेखन थांबते, तेवढा गुण जावाच), भाषेचे २, लेखननियमांचा अर्धा. एकूण साडेसहा. क्रम उलटला. आणि तो कुणाच्या आवडीनिवडीने उलटला नाही, गुण कशासाठी आहेत ते आधी ठरले म्हणून उलटला.

लेखननियमांचा अर्धा गुण कसा आला तेही सांगतो, कारण या विषयात सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो. नऊ वर्तुळांपैकी सहा एकाच चुकीची आहेत : ‘माझ्या’चे ‘माझा’. दोन ठिकाणी, ‘म्हणुन’ आणि ‘फटीतुन’मध्ये, अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार ह्रस्व झाला आहे. एका ठिकाणी ‘स्वतः’मधला विसर्ग गेला आहे. म्हणजे वर्तुळे नऊ, पण चुकांचे प्रकार तीनच. एका प्रकारची चूक कितीही वेळा आली तरी ती एकदाच मोजावी, हा नियम लेखी असावा. चुकीचा एखादाच प्रकार असेल किंवा तोही नसेल तर पूर्ण गुण, दोन किंवा तीन प्रकारांना अर्धा, त्याहून जास्त असतील तर शून्य. आणि ही वजाबाकी लेखननियमांच्या चौकटीतच व्हावी, आशयाच्या तीन गुणांतून नाही. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे भाषाभ्यासाच्या १६ गुणांत एकदा तपासली जातातच. तीच चूक निबंधात पुन्हा, कथेत पुन्हा, पत्रात पुन्हा कापली गेली की एका ‘माझा’पायी मूल चार ठिकाणी गुण गमावते.

सगळ्या चुका सारख्याही नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत अर्थ बदलतो, तिथे वर्तुळ हवेच. ‘म्हणुन’ने कुणाचा अर्थ अडत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम दिले, १९७२ साली त्यांत ४ ची भर पडली. हे अठरा नियम आपण शिकवतो आणि शिकवलेच पाहिजेत. पण याच नियमांत पात्रांच्या तोंडची वाक्ये उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे, हे तपासताना विसरले जाते. बाक स्वतः बोलतोय, मग ‘गळतं’ आणि ‘केलंय’ याला चूक कसे म्हणायचे?

कथालेखनात हा प्रश्न जास्त बोचतो. आजी ‘खंय गेल्लंस?’ म्हणते किंवा ‘कुठी गेल्ता?’ विचारते, आणि समासात लाल शाईने ‘प्रमाणभाषा वापरा’ असे येते. सिंधुदुर्गातल्या मुलाची उत्तरपत्रिका मालवणी कधी न ऐकलेल्या परीक्षकाकडे जाऊ शकते, अकोल्यातल्या मुलीची वऱ्हाडी न ऐकलेल्याकडे. म्हणून सूचना स्पष्ट हवी : निवेदन प्रमाण मराठीत अपेक्षित आहे, संवाद पात्राच्या बोलीत असला तर गुण कापू नयेत. तपासायचे ते हे की बोली सांभाळली आहे का. पहिल्या वाक्यात ‘म्या न्हाई जायाचा’ म्हणणारा आजोबा तिसऱ्या वाक्यात ‘तथापि माझी प्रकृती ठीक नाही’ म्हणत असेल तर तो दोष आहे, आणि तो भाषेचा दोष आहे, शुद्धलेखनाचा नाही. ज्या मुलांच्या घरी गोंडी, कोरकू, भिली किंवा कोलामी बोलतात त्यांच्या लिंगवचनाच्या चुकाही याच नजरेने पाहाव्यात. प्रकार मोजा, वर्तुळे नकोत.

आता वेळेचे गणित. एका उत्तरपत्रिकेला सरासरी १५ मिनिटे मिळतात असे धरले, तर ८० गुणांच्या प्रमाणात ८ गुणांच्या निबंधाच्या वाट्याला दीड मिनिट येते. दीडशे-दोनशे शब्दांचे किशोरवयीन अक्षर एकदा नीट वाचण्यातच ते संपते. मग विचार कधी करायचा? ज्याला वेळ नाही तो जे वाचल्याशिवाय दिसते त्याला गुण देतो : अक्षर, लांबी, परिच्छेद, अधोरेखित सुविचार, शेवटची ओळ. यात कामचुकारपणा नाही. माणसाचे डोके वेळ कमी असताना असेच चालते. त्यातून पुढचा दोष निघतो. सगळ्यांना ५ किंवा ६ देऊन मोकळे व्हायचे. ८ पैकी ५ वर कुणी आक्षेप घेत नाही, परीक्षकांचे काम पुन्हा पाहणारे नियामकही नाहीत. पण सर्वांना ५-६ पडले की ८ गुणांचा प्रश्न प्रत्यक्षात एका गुणाचा होतो. चांगले लिहिणारा आणि पाठ केलेले उतरवणारा यांच्यात फरक पडतो तो एवढाच. ‘भाषेत पैकीच्या पैकी द्यायचे नसतात’ ही जुनी समजूत त्यात भर घालते. गणितात १० पैकी १० देताना हात कापत नाही. निबंधाचे ८ पैकी ८ ही सुद्धा मिळण्याजोगी गोष्ट आहे, असे मंडळाने लेखी सांगितल्याशिवाय ही समजूत जाणार नाही.

दीड मिनिटाचे तीन मिनिटे होणार नसतील तरी वाचण्याची रीत बदलता येते. पहिल्या वाचनात पेन खाली ठेवावे. निबंध सलग वाचून फक्त गट ठरवावा : ७-८, ५-६, ३-४ की १-२. मग पेन घेऊन चार चौकटी भराव्यात आणि त्यांची बेरीज गटात बसते का ते पाहावे. बसत नसेल तर दोहोंपैकी एक निर्णय चुकला आहे, तेवढाच निबंध पुन्हा वाचावा. आधी वर्तुळे, मग वाचन हा क्रम उलटा आहे. लाल वर्तुळे काढता काढता वाचलेल्या मजकुराचा आशय मनात उतरत नाही, हे कोणताही परीक्षक सांगेल. दुसरे असे की एका उत्तरपत्रिकेतले सगळे प्रश्न सलग तपासण्याऐवजी पंचवीसच्या गठ्ठ्यातले सगळे निबंध एका बैठकीत तपासावेत. गद्य विभागात १८ पैकी १७ पडलेल्या मुलाचा निबंधही चांगलाच वाटतो, १८ पैकी ६ पडलेल्याचा वाईट वाटतो. निबंध वेगळे काढून तपासले की ही सावली पडत नाही. गठ्ठ्यातला क्रमही दुसऱ्या वेळी बदलावा, कारण एका उत्तम निबंधानंतर आलेला बरा निबंध हमखास मार खातो.

तीन लेखनप्रकारांना एकच मोजपट्टी चालणार नाही, हे अभ्यास मंडळाने विशेष लक्षात घ्यावे. आत्मकथनात पाहायचे ते हे की बोलणाऱ्या वस्तूला तिच्या जागेवरून जे दिसेल, ऐकू येईल, अंगावर पडेल तेवढेच ती सांगते का. स्टँडवरचा बाक ‘जगभरात प्रदूषण वाढत आहे’ असे म्हणू लागला की बोलणारा बाक उरत नाही. मध्येच ‘मी’चा ‘तो’ होणे हा नेहमीचा दोष, त्याचा रचनेचा एक गुण जावा.

प्रसंगलेखनात अलीकडे निमंत्रणपत्रिका किंवा बातमी देऊन ‘तुम्ही तिथे हजर होता असे समजून लिहा’ असे विचारले जाते. प्रश्न चांगला आहे आणि तो ज्यांनी आणला त्यांचे आम्ही आभार मानतो. पण उत्तरे मात्र ‘वृक्षारोपणाचे महत्त्व’ सांगणाऱ्या निबंधाची येतात, आणि त्यांना गुणही मिळतात. प्रसंग म्हणजे एक वेळ, एक जागा, काही माणसे आणि घडलेली एक गोष्ट. पत्रिकेत दुपारी चारची वेळ आणि शाळेचे पटांगण दिले असेल तर उत्तरात चारचे ऊन आणि पटांगण दिसले पाहिजे. पत्रिकेतली ओळ जशीच्या तशी उतरवली तर तो वापर नव्हे. आशयाच्या तीनपैकी एक गुण ‘दिलेल्या तपशिलाचा प्रसंगात उपयोग’ यासाठी राखून ठेवला, तर पाठ केलेला निबंध त्या दिवसापासून तीनपैकी दोनच्या वर जाणार नाही. क्लासमध्ये काय शिकवतात तेही मग बदलेल.

वैचारिक लेखनात म्हणणे, त्याचे कारण, एक उदाहरण आणि समोरच्या बाजूचा निदान एक विचार अशा चार गोष्टी शोधाव्यात. ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर पाच फायदे आणि पाच तोटे लिहून ‘अति तेथे माती’ म्हणत संपवलेला निबंध म्हणजे दोन याद्या. त्यात कोणाचेही मत नाही. एखाद्या मुलीने ‘शाप’ म्हटले, फक्त एकच कारण दिले पण ते घरातल्या रात्रीच्या जेवणापर्यंत नेऊन पटवले, तर तिला जास्त गुण मिळायला हवेत. मुद्द्यांची संख्या मोजून गुण देण्याची सवय सामाजिक शास्त्रांच्या पेपरातून इकडे आली आहे.

कथेच्या ५ गुणांविषयी थोडेच. दिलेले मुद्दे फक्त क्रियापदे लावून जोडले तर २, मुद्द्यांच्या मधली एखादी तरी जागा डोळ्यांपुढे उभी केली तर ३ ते ४, शेवट आधीच्या घटनेतूनच निघाला तर ५. शीर्षक पाहावे. तात्पर्य नाही म्हणून गुण कापू नयेत. कथालेखन म्हणजे बोधकथाच, असे पाठ्यक्रमात कुठे लिहिलेले नाही.

रसग्रहणाचे चार गुण ही मात्र मोठी दुखरी जागा आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन पायऱ्या मुलांना सोपे जावे म्हणून दिल्या. आता त्या तीन पायऱ्यांचे तीन साचे झाले आहेत. ‘कवितेची भाषा साधी, सोपी आणि ओघवती आहे. अंत्ययमकामुळे गेयता व नादमाधुर्य निर्माण झाले आहे.’ हे वाक्य मुक्तछंदातल्या कवितेच्या उत्तरातही येते, जिथे अंत्ययमक नावालाही नसते, आणि तरी त्याला अर्धा गुण पडतो. इथेही कसोटी सोपी आहे : उत्तरातले कवितेचे आणि कवीचे नाव हाताने झाका. उरलेल्या मजकुरावरून कविता ओळखू येते का? येत नसेल तर चारपैकी एकाच्या वर देऊ नये.

रसग्रहणाचे गुण असे वाटावेत असे आम्हाला वाटते : दिलेल्या ओळींचा अर्थ स्वतःच्या शब्दांत, १. त्या ओळींतला एखादा नेमका शब्द, प्रतिमा किंवा नाद उचलून तो तिथे काय करतो हे सांगणे, २. आपल्याला काय वाटले आणि ते का, १. अलंकाराचे नुसते नाव लिहिले तर अर्धा. ‘इथे अनुप्रास आहे’ एवढ्याने कविता कळल्याचे दिसत नाही. ‘“स” पुन्हापुन्हा आल्याने पाऊस कुजबुजल्यासारखा वाटतो’ असे म्हटले की कळते, मग त्या मुलाला अनुप्रास हा शब्द आठवला नाही तरी पूर्ण गुण द्यावेत. मुलाचा अर्थ नमुना उत्तरातल्या अर्थाशी जुळला नाही, पण त्याने ओळीतलाच शब्द पुरावा म्हणून दाखवला, तर तो अर्थ ग्राह्य धरावा. पुरावा कवितेबाहेरचा असेल, म्हणजे कवीच्या चरित्रातला किंवा गाईडमधला, तर धरू नये. ही एक ओळ परीक्षकांच्या सूचनांत आली तर वर्गातले कवितेचे तास वेगळे होतील.

एवढे निकष ठरले तरी दोन परीक्षकांचे गुण जुळतीलच असे नाही, याची आम्हाला जाणीव आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ३०० निबंध ५३ जाणत्या वाचकांकडून नऊ श्रेणींत लावून घेतले. १०१ निबंध असे निघाले की त्या प्रत्येकाला एक ते नऊ सर्व श्रेण्या मिळाल्या होत्या. वाचक बेफिकीर नव्हते. कोणी विचाराला महत्त्व देत होते, कोणी मांडणीला, कोणी शैलीला, कोणी व्याकरणाला, कोणी शब्दयोजनेला, आणि कशाला किती वजन द्यायचे ते त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्याआधी १९३५ साली फिलिप हार्टोग (भारतातल्या शिक्षणावर १९२९ साली अहवाल देणाऱ्या समितीचे तेच अध्यक्ष) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांना वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पुन्हा तपासायला दिल्या. २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाचा नापास, पास किंवा विशेष पास हा स्वतःचाच निर्णय बदलला. स्वतःशी स्वतःचे जुळत नसेल, तर नऊ विभागीय मंडळांत विखुरलेल्या परीक्षकांचे नुसत्या सूचनापत्रकावर कसे जुळेल?

उपाय नवा नाही आणि खर्चिकही नाही. तपासणी सुरू होण्यापूर्वी मुख्य नियामकांनी त्याच वर्षीच्या खऱ्या उत्तरपत्रिकांतून बारा निबंध निवडावेत. चारही गटांतले प्रत्येकी दोन, आणि चार अडचणीचे : एक सुंदर पण अशुद्ध, एक निर्दोष पण पाठ केलेला, एक विषय सोडून गेलेला, एक अपुरा राहिलेला. त्यांच्यावर कसलीही खूण न करता छायाप्रती काढाव्यात. बैठकीत प्रत्येक परीक्षकाने आधी एकट्याने, न बोलता, बाराही तपासावेत. मगच आकडे फळ्यावर लिहावेत. एका गुणाचा फरक सोडून द्यावा, दोन किंवा जास्त फरक असेल त्या निबंधावरच बोलावे, आणि बोलताना मजकुरातल्या वाक्यावर बोट ठेवावे. अनुभव, सेवाज्येष्ठता, ‘मला असे वाटते’ हे बाजूला. दोन तासांत हे होते. आजच्या बैठकीत नमुना उत्तर मोठ्याने वाचले जाते. त्याने गद्य-पद्याचे काम भागते, निबंधाचे भागत नाही, कारण निबंधाला एकच नमुना उत्तर असूच शकत नाही.

तपासणी चालू असताना प्रत्येक पंचवीसच्या गठ्ठ्यात गुण आधीच ठरलेला एक निबंध मिसळावा. परीक्षकाचा गुण ठरलेल्या गुणाहून दोनने वेगळा आला, तर तो गठ्ठा पुढे जाण्यापूर्वी नियामकांनी त्याच्याशी बोलावे. नियामक ज्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात त्यांवर पहिल्या परीक्षकाचे लाल आकडे दिसतात, आणि एकदा आकडा दिसला की दुसरा माणूस त्याच्या आसपासच फिरतो. म्हणून निदान फेरतपासणीच्या नमुन्यासाठी तरी गुण उत्तरपत्रिकेवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहावेत.

शाळांपर्यंत हे पोचवायचे तर निकालानंतर हेच बारा निबंध, मुलांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून, चार चौकटींतल्या गुणांसह आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळींच्या टिपणासह संकेतस्थळावर ठेवावेत. गाईडला उत्तर द्यायचे तर दुसरे गाईड काढून उपयोग नाही. आठपैकी आठ मिळालेला, एका खऱ्या मुलाचा, चुकांसकटचा निबंध वर्गात वाचून दाखवता आला पाहिजे.

तालुक्याच्या शिक्षकांना सराव म्हणून जोड्या लावण्याची पद्धतही शिकवावी. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ साली मांडलेल्या तत्त्वावर ती उभी आहे : माणसाला एका वस्तूला आकडा देणे जड जाते, दोन वस्तूंतली सरस कोणती हे सांगणे सोपे जाते. तीस निबंध घ्या. प्रत्येक निबंध दहा वेगवेगळ्या निबंधांशी लावला तर एकूण १५० जोड्या होतात. सहा शिक्षक असतील तर प्रत्येकाला २५ जोड्या, एका जोडीला एक मिनिट. ‘यातला सरस कोणता’ एवढेच सांगायचे, गुण द्यायचे नाहीत. ज्याला जास्त वेळा सरस म्हटले तो वर. अर्ध्या तासात तीस निबंधांची उतरंड तयार होते, आणि मग ती सहा जणांनी एकत्र पाहायची. निर्दोष पण पोकळ निबंध खाली का गेले हे तिथे आपोआप बोलले जाते. बोर्डाच्या तपासणीसाठी ही पद्धत आम्ही सुचवत नाही, लाखो उत्तरपत्रिकांना ती पेलणार नाही. शिक्षकांची नजर तयार करायला ती उत्तम आहे.

२० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात लेखनाचा एक भाग असा असावा की मूल वर्गातच कच्चा खर्डा लिहील, शिक्षक त्यावर गुण न देता दोन प्रश्न लिहितील (‘पाट्या कोणी ठेवल्या? त्या बायका तुझ्याशी काय बोलतात?’), आणि आठवड्याने मूल पुन्हा लिहील. गुण दुसऱ्या खर्ड्याला नव्हे, दोन खर्ड्यांमधल्या बदलाला द्यावेत. दोन्ही कागद शाळेने जपावेत. घरून लिहून आणलेल्या स्वाध्यायात कुणाचा हात किती हे कळत नाही. वर्गातल्या दोन खर्ड्यांत कळते.

छायाप्रत मागवणाऱ्या मुलांच्या हाती आज निबंधाखाली एक आकडा येतो, ५ किंवा ४, आणि त्याच्याभोवती एक गोल. गुण कुठे गेले हे त्या मुलाला कळत नाही, त्याच्या शिक्षकांनाही नाही. पुनर्मूल्यांकन करणाऱ्यालाही आधीचा परीक्षक काय पाहत होता याचा पत्ता लागत नाही. म्हणून शेवटची विनंती : उत्तरपत्रिकेच्या समासात निबंधासाठी आ, र, भा, ले अशी चार चौकटींची छोटी पट्टी छापावी. शिक्का मारला तरी चालेल. येत्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेपूर्वी एवढे तरी व्हावे. बारा निबंध निवडण्याच्या आणि टिपणे लिहिण्याच्या कामाला आम्ही कोणतेही मानधन न घेता यायला तयार आहोत.

आपले,
मराठी विषयाचे शिक्षक आणि परीक्षक